मुलाला नगरसेवक व्हायचंय, तेही कॅनडातल्या कॅलगरीत

ताई, पत्र मिळालं. मुलगा बारावीत, इंजिनिअरिंगला सहज ॲडमिशन मिळेल इतके मार्क, आणि तो म्हणतो पॉलिटिकल सायन्स घेणार नि सिटी काउन्सिलवर जाणार, त्यावरून बापलेकात आठवडाभर अबोला. आधी तो अबोला सोडवा.

तुमच्याच शहराचा नाहीद नेन्शी बघा ना. आईवडील टांझानियाहून आलेले, याने बीकॉम केलं, मग हार्वर्डला पब्लिक पॉलिसी, मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत नोकरी. 2004 ला काउन्सिलला उभा राहिला, पडला. 2010 ला थेट मेयर, तेव्हा माउंट रॉयल युनिव्हर्सिटीत शिकवत होता, नि मग 2021 पर्यंत तीन टर्म. 2013 च्या पुरात तर इतका जागला की लोकच ट्विटरवर म्हणायला लागले, बाबा रे जरा झोप घे! 2024 ला अल्बर्टा प्रांतातल्या एनडीपी पक्षाचा लीडर झाला पण आमदारकी मिळाली 2025 च्या पोटनिवडणुकीत, तीही कॅलगरीतून नव्हे, एडमंटनमधून, म्हणजे वर्षभर पक्षाचा नेता पण विधानसभेत खुर्चीच नाही.

मला यात मेयरकीपेक्षा 2004 महत्त्वाचं वाटतं. पडला तरी घर चालवायला हातात दुसरं काम होतं. अख्ख्या कॅलगरीत 14 नगरसेवक आणि एक मेयर, इलेक्शन चार वर्षांतून एकदा, एवढ्या भरवशावर कोणी होम लोन काढतं का? म्हणून याला नोकरी समजू नका, पोटापाण्याचं वेगळं बघायचं. त्यासाठी इंजिनिअरिंगच पाहिजे असं नाही हां, पण वायाही जाणार नाही. 2024 च्या जूनमध्ये बेअरस्पॉची पिण्याच्या पाण्याची मेन पाइपलाइन फुटली तेव्हा आंघोळीचं पाणी तुम्हीपण मोजून वापरलं असेल, काउन्सिलपुढे येतात ते विषय हेच, पाइप, रस्ते, बस, बर्फ.

डिग्री कुठलीही घेऊ दे, पण तुमच्या एरियाच्या कम्युनिटी असोसिएशनमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या मंडळात, त्याला या हिवाळ्यातच पाठवा. रात्री उणे पंधरामध्ये होज धरून स्केटिंग रिंकवर बर्फ जमायला पाण्याचे थर द्यायचे, पार्किंगवरून भांडणाऱ्या काकांचं ऐकून घ्यायचं, मीटिंगचे मिनिट्स लिहायचे. दोन महिन्यांत कंटाळला तर वाद आपोआप मिटला, नाही कंटाळला तर पुढच्या इलेक्शनला कुठल्यातरी उमेदवारासोबत दारोदार फिरू दे, लोक तोंडावर दार लावतात ते बघू दे.

आणि हो, तुमची सिटिझनशिप झालीये का ते पत्रात नाहीये. नुसत्या पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, तिथे मतही देता येत नाही, उभं राहणं तर लांबच.