वाचक विचारतात: घरी काडतुसं भरायची म्हणजे नक्की काय?

मागच्या अंकात इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या पिस्तूल रेंजबद्दल लिहिताना जाता जाता बोलून गेलो की माझी काडतुसं मी घरीच भरतो, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्यात (केस) नवी पावडर (दारू) आणि नवी बुलेट (पुढची गोळी) घालतो, रीलोडिंग म्हणतात त्याला. झालं, निम्मी पत्रं त्याच एका वाक्यावर. त्यातली पाच घेतोय.

दादा, मी डॅलसजवळ असतो, दर शनिवारी ९ मिमी पिस्तुलाचे दीडशे-दोनशे राउंड (काडतुसं) होतात. रिकाम्या पितळी केस तिथेच टाकून यायला जिवावर येतं. रीलोडिंग सुरू करू का? बायको म्हणते गॅरेज उडेल.

आधी वहिनींचं बघू, कारण परवानगी तिकडूनच लागते. आजची स्मोकलेस पावडर उघड्यावर पेटली तर भसकन जळते, स्फोट होत नाही. पण तीच घट्ट बंद लोखंडी पेटीत ठेवली की पेटीचाच बॉम्ब, म्हणून पावडर ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात येते त्यातच ठेवायची, तो डबा तसाच बनवलेला असतो. खरं जपायचं ते प्रायमरना. केसच्या बुडाला बसणारा तो एवढासा बटणासारखा तुकडा ठोकल्यावर फुटून पावडर पेटवायलाच बनवलेला असतो आणि एक फुटला तर शेजारचेही फुटू शकतात, त्यामुळे बरणीत भरून ठेवायचे वगैरे लाड नकोत, कंपनीच्या खोक्यातच राहू द्या. फायर सेफ्टीचं एनएफपीए ४९५ हे स्टँडर्ड घरात मूळ डब्यातली २० पौंड पावडर आणि १० हजार प्रायमर इथपर्यंत मुभा देतं, पण तुमच्या शहराचा नियम त्याहून कडक असू शकतो, तो बघाच. आणि गॅरेजमध्ये वॉटर हीटरचा पायलट (कायम पेटती छोटी ज्योत) जळत असेल तर टेबल त्याच्या शेजारी नको.

पैशाचं म्हणाल तर ९ मिमीत फारसे वाचत नाहीत, जे वाचतात त्याचे आपण जास्त राउंड मारतो. मजा म्हणून करणार असाल तर करा. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतं.

पहिली खरेदी प्रेसची, म्हणजे हँडल ओढून काडतूस भरायच्या यंत्राची नाही, लोडिंग मॅन्युअलची, म्हणजे कशात किती पावडर ते सांगणाऱ्या पुस्तकाची. मग साधा सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच पायरी करणारा), कार्बाइड डाय (केसला मापात आणणारे साचे), चांगला वजनकाटा आणि लांबी मोजायला कॅलिपर. काम असं: जुना प्रायमर काढून केस मापात आणायची, तोंड किंचित फुलवायचं, नवा प्रायमर बसवायचा, पावडर मोजून टाकायची, बुलेट बसवायची, तोंड हलकंसं आवळायचं. आपल्याकडे पोळ्या लाटणारा एक आणि भाजणारा एक असतो, इथे दोन्ही तुम्हीच, म्हणून पन्नासच्या पन्नास केस एका पायरीतून काढा आणि मगच पुढची पायरी घ्या.

वजन ग्रेनमध्ये असतं. सोनाराकडचा जुना तोळा आठवा, त्या एका तोळ्यात १८० ग्रेन बसतात, आणि ९ मिमीत पावडर जाते ती त्यातली मोजकी चार-पाच ग्रेन. म्हणजे अर्धा ग्रेन जास्त पडला तरी डोळ्याला कळत नाही पण टक्केवारीत तो दहा किंवा त्याहून जास्त होतो. ९ मिमीची कमाल प्रेशर मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड दाब), म्हणून मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच चढायचं, तीच पावडर, तीच बुलेट, भरलेल्या काडतुसाची तीच लांबी. लांबीचं लोक हसण्यावारी नेतात, पण बुलेट केसमध्ये जरा आत ढकलली गेली की आतली जागा घटते आणि प्रेशर एकदम चढतं. भरलेलं काडतूस पिस्तुलातून सुट्या काढलेल्या बॅरलमध्ये, म्हणजे नळीत, सोडून बघा, टप्पकन बसलं पाहिजे आणि उलटं केल्यावर आपोआप पडलं पाहिजे. नेटवर कुणीतरी सांगितलेला आकडा घेऊन भरू नका, माझ्याकडूनही मागू नका, देणार नाही.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दर हँडलला सगळ्या पायऱ्या एकदम करणारा) .३८ स्पेशल, म्हणजे रिव्हॉल्व्हरची काडतुसं, भरतो. परवा एक राउंड नुसताच फुसका वाजला. शेजारचा म्हणाला मार पुढचा. मी थांबलो. बरोबर केलं ना?

अहो, बरोबर काय, हात वाचवलात. फुसका वाजला म्हणजे बहुतेक केसमध्ये पावडरच नव्हती, नुसत्या प्रायमरने बुलेट ढकलली आणि ती बॅरलमध्ये अडकली. मागून दुसरी आली की बॅरल फुगते नाहीतर फाटते.

माझंही झालंय हे. .३८ भरत होतो, मधेच फोन वाजला, घेतला, परत येऊन हँडल ओढलं आणि कुठे होतो ते मनातल्या मनात ठरवून टाकलं. दोन दिवसांनी रेंजवर आवाज आला फटाक्याच्या लवंगीसारखा, धक्का नाहीच. रिव्हॉल्व्हर समोर धरूनच ठेवलं, मग रिकामं केलं, बॅरलमध्ये मागून उजेड टाकला तर पलीकडचं काही दिसेना. घरी पितळी दांड्याने ठोकून काढली बुलेट, राखाडी, बुडाला काळी. त्या बॅचचे अजून बेचाळीस राउंड डब्यात होते. वाटलं वजन करून शोधू, पण ते जमत नाही, केसा-केसांच्या आणि बुलेटच्या वजनातच इतका फरक असतो की पावडर त्यात लपते. शेवटी हातोड्यासारखा बुलेट पुलर घेतला आणि रात्री अकरापर्यंत ठोकत बसलो, बेचाळीसच्या बेचाळीस फोडले. एकतिसाव्यात पावडर दुप्पट निघाली. थंडीत घाम फुटला होता मला.

.३८ची केस १९व्या शतकाच्या शेवटची, काळ्या दारूच्या हिशोबाने लांब ठेवलेली. आजची पावडर तिच्या तळाशी चिमूटभर बसते, त्यामुळे डबल चार्ज आरामात मावतो, बाहेर सांडून सांगत नाही. म्हणून प्रत्येक केसमध्ये बुलेट ठेवण्याआधी डोकवायचंच, प्रेसवर एलईडी दिवा लावा. पावडरची पातळी तपासणारा डाय मिळतो, तोही घ्या, पण डोळ्याऐवजी नाही, डोळ्याबरोबर. फोन दुसऱ्या खोलीत. आणि मधे उठावंच लागलं तर प्रेसवरच्या सगळ्या केस काढून पावडर डब्यात परत ओतायची आणि पहिल्यापासून, कंटाळा आला तरी. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, काम झालं की मेजरमधली (पावडर मापून टाकणाऱ्या भांड्यातली) पावडर त्याच डब्यात, कुठली आहे याची शंका आली तर ती वापरायचीच नाही.

एक राहिलं. नुसतं क्लिक झालं, आवाजच नाही, तर पिस्तूल समोर धरून तीस सेकंद थांबा मग उघडा, कधीकधी प्रायमर उशिरा पेटतो.

नवरा घरी काडतुसं भरतो आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे. शिशाचं काय?

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण हौशी मंडळी पावडरला घाबरतात आणि शिसं विसरतात. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, बार उडाला की त्याची राख रिकाम्या केसच्या आत बसते आणि ती केस टंबलरमध्ये (केस घोळवून साफ करणारं यंत्र) कोरडी घोळली की धूळ होऊन उडते. तर टंबलर घरात नकोच, धुवून साफ करायची पद्धत बरी. कामाच्या टेबलावर चहा नाही, बिस्किट नाही. हात आधी थंड पाण्याने आणि साबणाने धुवायचे, रेंजचे बूट दाराबाहेर, टी-शर्ट वेगळा धुवायचा, मुलीला उचलून घ्यायचं ते त्यानंतर. स्वयंपाकघरातला चमचा किंवा फनेल इकडे आणला तर तो परत तिकडे नाही. मिस्टरांची आणि मुलीची ब्लड लेड टेस्ट करून घ्या, साधी रक्ताची तपासणी असते. मुलांसाठी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा धरलाय, त्याच्या वर आलं तर डॉक्टरांशी बोलायचं. प्रायमर, पावडर, भरलेले राउंड सगळं कुलपात, हे सांगायला नकोच.

मंडळातल्या एका मित्राने स्वतः भरलेले शंभर राउंड भेट दिलेत. वापरू?

नको. मित्र चांगला असेल, त्या दिवशी त्याचा फोन वाजला होता का ते तुम्हाला माहीत नाही. शिवाय बहुतेक पिस्तूल कंपन्या रीलोड वापरून काही मोडलं तर वॉरंटी देत नाहीत. केस आणि बुलेट सोडवून घ्या, पावडर टाकून द्या.

मी पुण्याला असतो, भाचा कोल्हापूरला २५ मीटर पिस्तूल शिकतोय, काडतुसं महाग पडतात. तुम्ही येताना प्रेस आणि थोडे प्रायमर आणाल का?

काका, रागावू नका पण नाही. प्रायमर आणि पावडर विमानाच्या सामानात नेताच येत नाहीत, आणि भारतात लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. नेमबाजीचं लायसन्स आहे म्हणून घरी भरायला मोकळीक मिळते असं नाही.

आणि गंमत म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी त्याचा उपयोग शून्य. २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलात, म्हणजे ज्या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला सोनं आणलं, त्यात .२२ वापरतात आणि ते रिमफायर असतं. त्यात वेगळा प्रायमर नसतोच, मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, पिन त्या कडेवर बसून ती चेपते. ती केस पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. भाच्याला सांगा कोचला विचारून घरी रोज अर्धा तास ड्राय फायर, म्हणजे काडतुसाशिवाय नेम धरून ट्रिगर ओढायचा सराव कर, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून, स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून. .२२ मध्ये नुसतं रिकामं चालवलं तर काही मॉडेलमध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. स्नॅप कॅप मात्र आणतो, किती हव्यात ते कळवा.