हलका स्पर्श सोसत नाही तेव्हा

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. जोडीदाराने मायेने दंडावरून बोटे फिरवली, तू हात झटकलास, दोन दिवस अबोला राहिला आणि आता आपले प्रेमच खोटे आहे की काय, या शंकेने तुला झोप लागेनाशी झाली आहे. माझ्या मते प्रेमावर शंका घेण्याआधी त्वचेचे ऐकावे.

त्वचेतील काही सूक्ष्म, मंदगती मज्जातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या हलक्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि बहुतेकांना तो स्पर्श सुखावतो. आपल्यासारख्या अनेक स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींना मात्र तोच स्पर्श अंगावर मुंग्या सोडल्यासारखा वाटतो, उलट घट्ट, स्थिर दाबाने जीव शांत होतो. स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी अंगाला दाब देणारे यंत्र बनवले, कारण त्यांना मिठी हवी होती आणि माणसाची मिठी सोसवत नव्हती. काहींना तर स्पर्श पुरेसा जाणवतच नाही. २०१३ साली अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेने संवेदनांची ही तीव्रता किंवा मंदता स्वमग्नतेच्या निकषांत घेतली. तोवर माझ्या पिढीने ‘नखरे’ हाच शब्द ऐकला.

लग्नानंतर कित्येक महिने नवरा जवळ आला की मी तोंड फिरवत असे. पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास नाकात शिरला की मला दुसरे काही जाणवतच नसे, आणि त्यांना वाटे, मला तेच नकोत. एका निवांत दुपारी मी ते बोलले. त्यांनी पेस्ट बदलली. ते महिने मात्र दोघांनीही उगाच सोसले.

म्हणून हे बोलणे जवळिकीच्या क्षणी करू नये, कारण संवेदनांचा भार वाढला की आपले शब्दच आधी हरवतात. कुठे, किती दाबाने, किती वेळ, दिवा असावा की नसावा, हे आधी लिहून दे, आणि ‘थांब’ यासाठी हाताची एखादी खूण ठरवा. सकाळी चाललेला स्पर्श गोंगाटात दिवस काढल्यावर रात्री चालेलच असे नाही, हेही सांग. मुकाट्याने सोसू मात्र नकोस. सोसलेल्या स्पर्शाची धास्ती बसते आणि मग आवडणारी मिठीही नकोशी होते.

जोडीदारालाही काय हवे, ते विचार. त्या हलक्या स्पर्शातूनच त्यांना प्रेम कळत असेल, तर तू तो त्यांना देऊ शकतेस किंवा शकतोस का, हे दोघे मिळून पाहा आणि मला कळव.

तुझी,
ताई