एकटीनं जावं का तिथं जेवायला?

प्रश्न : ताई, मी परभणीची, बँकेत आहे. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला मुंबईला जायलेय, शेवटच्या दिवशी वेळ मोकळा आहे. ते छोट्या छोट्या प्लेटा एकामागून एक आणून देतात ना, टेस्टिंग मेनू, ते एकदा खायचंय. मैत्रिणी म्हणायल्या एवढ्यात महिन्याचा किराणा येतो, आणि नवऱ्याला वरणभातापुढं काही दिसत नाही. मग एकटीच जाऊ का? सगळे जोडीनं आलेले असतील, मला बघून वेटर काय म्हणतील? अन् आमच्या घरी माळ आहे, अंडंसुद्धा चालत नाही.
– एक वाचक, परभणी

उत्तर : जा की मग, विचारायलात काय! मी तर म्हणेन हे जेवण एकटीनंच जेवावं. पाच जणी गेल्या की वेटर बिचारा सांगत राहतो ही अमुक भाजी, अशी आंबवली, तशी भाजली, आणि इकडं एकीच्या पोराची बारावी नि दुसरीच्या सासूचं ऑपरेशन चालू असतं, प्लेटमधले दोन घास कधी गेले कुणालाच कळत नाही. एकटीला ते कळतात. वेटरचं म्हणाल तर त्यांना याची सवय असते, कामासाठी शहरात आलेली माणसं एकटीच येतात, दुसरीकडचे शेफसुद्धा येतात. उलट तुमच्याशी चार शब्द जास्तच बोलतील.

अडचण येते ती बुकिंगला. दोघांचं टेबल एकट्याला दिलं की हॉटेलचं अर्धं उत्पन्न बुडतं, म्हणून काही जण ऑनलाइन एक सीट दाखवतच नाहीत. तिथं सरळ फोन करायचा, आणि जमलं तर सोमवार ते गुरुवार बघायचं. काउंटर सीट आहे का विचारा. जपानात सुशीच्या दुकानात शेफच्या पुढ्यातच बसून तो देईल ते खातात, ओमाकासे म्हणतात त्याला, आणि तिथं एकटं जेवायला बसण्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आपल्याकडंही ही पद्धत आलीय, वांद्र्याचं पापाज तर काउंटरभोवती 12 खुर्च्या एवढंच आहे. महालक्ष्मीच्या जुन्या मिलच्या आवारातलं मास्क 2016 पासून टेस्टिंग मेनूच देतं. बऱ्याच ठिकाणी पैसे आगाऊ घेतात, आयत्या वेळी रद्द केलं तर गेले, एवढं ध्यानात ठेवा.

आता माळेचं. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही ताई, हे बुकिंग करतानाच सांगायचं, आणि फोड करून सांगायचं. गोड पदार्थात जिलेटिन असतं ते जनावराच्या हाडा-कातड्याचं, वूस्टरशायर सॉसमध्ये मासे असतात, दाशी म्हणून जपानी सूपचं पाणी असतं ते सुक्या माशाचं निघतं, आणि मूस म्हणा, मेरिंग म्हणा, अंडं तर गोडात कुठंही निघतं. आधी कळलं तर चांगलं किचन तुमच्यासाठी वेगळे पदार्थ बसवतं, टेबलावर बसून सांगितलं तर मात्र नुसतं सॅलड येईल. कांदा-लसूण चालतो का तेही त्याच फोनवर सांगून टाका. सहारच्या आयटीसी मराठा हॉटेलात अवर्तना नावाचं रेस्टॉरंट आहे, दक्षिणेकडचं जेवण वेगळ्याच रूपात देतात, व्हेजचा पूर्ण मेनू असतो, तुम्हाला ते सोपं जाईल.

पैसे पाच हजारांच्या वर सहज जातात, दर प्लेटीबरोबर जोडीला दारू घेतली तर आणखी, ती नको म्हणायला लाजू नका, बऱ्याच ठिकाणी बिनदारूची पेयंही मिळतात. वर जीएसटी, बाहेरच्या रेस्टॉरंटला 5 टक्के पण महागड्या स्टार हॉटेलात 18. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, 2022 साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलं आणि 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच उचलून धरलं, तेव्हा बिल बघून द्या. पण दर घासाला किराणा आठवणार असेल तर खरंच जाऊ नका, मग मैत्रिणींचंच बरोबर.

आणि हो, अडीच-तीन तास लागतात. सातला बसलात तरी उठेपर्यंत दहा, परभणीची देवगिरी एक्सप्रेस तोवर सुटून गेलेली असते. दुपारचं मिळतं का बघा, नाहीतर मुक्काम वाढवा.

प्रश्न : असलं हॉटेल आपल्याकडं संभाजीनगरात का निघत नाही?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : रोज रात्री एवढे पैसे देणारी गिऱ्हाइकं लागतात, ती नाहीत असंच सगळे म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. प्रतीक साधू या शेफनं मास्क सोडून 2023 मध्ये हिमाचलात कसौलीजवळच्या डोंगरात नार नावाचं रेस्टॉरंट काढलं, लोक तिथं घाट चढून जेवायला जातात, आणि आपल्याकडं तर वेरूळ-अजिंठ्याला जगभरातून माणसं येतातच की. त्यांना संध्याकाळी आपण काय देतो, पनीर बटर मसाला! नान-खलिया तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं सांगतात, तो आहे, लातूरकडची येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, भज्जी-आंबील आहे, हुरडा आहे. हुरडा थंडीत थोडेच दिवस मिळतो, आणि टेस्टिंग मेनूवाल्यांना नेमकं तेच लागतं, हंगामाचं. कुणी पैसेवाला वाचत असेल तर घ्या मनावर, पहिलं बुकिंग माझं, एका सीटचं.