मास्तर ते प्रीमियर : स्टीव्ह ब्रॅक्स

ऑस्ट्रेलियात आपल्या विधान परिषदेसारखा शिक्षक मतदारसंघ असतो का, आणि तिथला मास्तर राजकारणात कुठवर जातो, असं तुम्ही विचारलंय. तसा मतदारसंघ नसतो. चारचौघांसारखं उभं राहायचं, आणि पडायचंही. व्हिक्टोरिया राज्याचे माजी प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्रीच) स्टीव्ह ब्रॅक्स यांचंच बघा.

बॅलारट हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. लेबनीज वंशाचे ब्रॅक्स तिथे वाणिज्य शिकवायचे. १९८५ मध्ये लेबर पक्षातर्फे उभे राहिले, पडले. १९८८ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. पुढे प्रीमियरच्या कार्यालयात सल्लागार झाले आणि १९९४ मध्ये विल्यम्सटाउनमधून एकदाचे निवडून आले. ती जागा सोडली होती जोन कर्नर यांनी. राज्याच्या पहिल्या महिला प्रीमियर, आणि त्याही मूळच्या शिक्षिकाच!

खरी गंमत १९९९ ची. ब्रॅक्स पक्षनेते होऊन जेमतेम सहा महिने झालेले, समोर जेफ केनेट यांच्यासारखा दांडगा प्रीमियर. शेकडो सरकारी शाळा बंद केल्याचा राग गावोगावी होता, तरी केनेट हरतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. मतदानाच्या दिवशीच फ्रँकस्टन ईस्टचे आमदार वारले, तिथे महिन्याभराने निवडणूक झाली आणि लेबर जिंकला. ८८ पैकी लेबर ४२, केनेट यांची आघाडी ४३, अपक्ष ३. तिन्ही अपक्ष ब्रॅक्सकडे गेले. पण फुकट नाही; कारभार सुधारण्याच्या लेखी अटी घातल्या. (खोकी वगैरे नाहीत, लेखी अटी!)

त्यातलीच एक अट होती वरच्या सभागृहाच्या सुधारणेची. २००२ मध्ये लेबरला ६२ जागा मिळाल्या, वरचं सभागृहही हातात आलं. आता अट विसरली असती तरी कोण विचारणार होतं? तरी २००३ मध्ये कायदा केला : आठ विभाग, प्रत्येकी पाच सदस्य, मतांच्या प्रमाणात जागा. परिणाम? २००६ मध्ये लेबर पुन्हा सत्तेत आला, पण वरच्या सभागृहात ४० पैकी १९ वर अडकला. स्वतःचंच बहुमत घालवणारा कायदा. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम हेच.

२००७ मध्ये स्वतःहून पायउतार झाले, पूर्व तिमोरच्या पंतप्रधानांना सल्ला देऊ लागले. पुढे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल म्हणून नेमणूकही झाली, पण २०१३ मध्ये केंद्रात सरकार बदललं आणि रुजू होण्याआधीच ती रद्द झाली. हे मात्र आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.