चूक सांगितली, हे चुकले का?

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात नाइट ड्यूटीला पहाटेच्या सुमारास अँटिबायोटिकची पावडर विरघळवताना डिस्टिल्ड वॉटर समजून मी पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल (औषधाची छोटी सीलबंद कुपी) उचलली. फोडण्याआधी लेबल पुन्हा वाचले, म्हणून अनर्थ टळला. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, मी हे सांगितले, तेव्हा इनचार्ज सिस्टरांनी रुग्णांच्या देखत माझी खरडपट्टी काढली. तेव्हापासून आमच्याकडे कोणीच काही सांगत नाही. मी गप्प बसायला हवे होते का?

उत्तर : मुळीच नाही. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण सौम्य न करता थेट शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. असे अपघात घडल्यामुळेच अनेक रुग्णालयांनी ही अँप्यूल वॉर्डातील ट्रॉलीतून हलवून वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवली आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूल एकाच कप्प्यात कशा आल्या, हा प्रश्न त्या सकाळी विचारला जायला हवा होता. तो राहून गेला आणि बोलणी मात्र तुम्हाला बसली, याचे मला मनापासून वाईट वाटते. तो कप्पा बहुधा आजही तसाच असेल आणि आज रात्री तिथे दुसऱ्या कोणाचा तरी हात जाईल.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा मागोवा घेतला, तेव्हा ज्या विभागांत प्रमुख परिचारिकांचे नेतृत्व चांगले होते, तिथेच चुकांच्या नोंदी अधिक सापडल्या. तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या न घाबरता बोलून दाखवता येत होत्या. तुमच्या वॉर्डातील आताच्या शांततेची मला म्हणूनच अधिक काळजी वाटते.

इनचार्ज सिस्टरांवर सारे खापर फोडणेही योग्य होणार नाही, कारण अपुऱ्या माणसांत वॉर्ड चालवण्याचा आणि वरून येणाऱ्या जाबाचा ताण त्यांच्यावरही असतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांविषयीच्या २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तरीही रुग्णांसमोर केलेल्या पाणउताऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि हे त्यांना एकांतात, ड्यूटी संपल्यावर, शांतपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

त्याच भेटीत घटनेची लेखी नोंद त्यांच्या हाती द्या. तिच्यात वेळ, त्या रात्री तुमच्याकडे असलेल्या रुग्णांची संख्या आणि दोन्ही अँप्यूल नेमक्या कुठे होत्या, एवढे असू द्या. कोणाच्या वागण्याविषयी काही लिहू नका. तो कप्पा आजच वेगळा करू या, असे म्हणा आणि त्यांच्यासोबत ट्रॉलीपर्यंत जा.