डीएल सांभाळायला सेल्फ-सर्व्हिस पोर्टल करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय ते चित्र माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. सहा-सातशे डीएल (डिस्ट्रिब्युशन लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावरचा मेल अनेकांना पोचवणारे ग्रुप), 'याला टाका, त्याला काढा' अशी हेल्पडेस्कवर दिवसभर तिकिटं, मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट 365 वर पण ग्रुप अजून ऑफिसमधल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (खाती आणि ग्रुप यांची कंपनीतली मध्यवर्ती नोंदवही), आणि वरून आदेश की लोकांनाच करता येईल असं पोर्टल बसवा. पुण्यातल्या एका कंपनीत मी हे काम केलंय. माझं सांगणं एकच: स्क्रीन कशी दिसेल ते महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी प्रत्येक डीएलचा मालक शोधा.

आम्ही पॉवरशेलने (मायक्रोसॉफ्टचं कमांड लिहून काम करायचं साधन) सगळी यादी काढून एक्सेलमध्ये टाकली. 'मॅनेज्ड बाय'चा, म्हणजे मालकाच्या नावाचा रकाना कितीतरी ओळींत कोरा होता. माणूस कंपनी सोडून गेला, त्याचं खातं डिलीट झालं, की तिथलं नावही जातं आणि ग्रुप बेवारस उरतो. जिथे नाव होतं तिथे बरेचदा आमच्याच ॲडमिनचं होतं, कारण एक्स्चेंजमध्ये (मायक्रोसॉफ्टची मेल यंत्रणा) ग्रुप बनवताना मालक सांगितला नाही तर बनवणाराच मालक होतो. असल्या यादीवर पोर्टल उभं केलंत तर मंजुरीचे सगळे मेल तुमच्याच टीमकडे येतील. तिकिटं होती तिथेच राहतील.

प्रत्येक डीएलला निदान दोन मालक हवेत. इथे एक खाच आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला तो रकाना एकच नाव घेतो, बाकीचे मालक एक्स्चेंज वेगळ्या ठिकाणी ठेवतं. तुम्ही निवडाल ते सॉफ्टवेअर दोन्हीकडे वाचतं का, हे डेमोतच विचारा.

दुसरी गोष्ट मी चुकून शिकलो. काही ग्रुप नुसते मेलसाठी नसतात, ते सिक्युरिटी ग्रुपही असतात, म्हणजे फोल्डर वगैरे उघडायचा हक्कही त्यांच्यावरून मिळतो. आम्ही चाचणीला घेतलेल्या ग्रुपांत असा एक होता. शाखेच्या समन्वयकाने मेल पोचावा म्हणून अकरा जणांना त्यात घेतलं. त्याच ग्रुपला एका शेअर्ड फोल्डरचा ॲक्सेस होता आणि त्यात अप्रेझलच्या फाइली होत्या. एचआरच्या मॅडम प्रिंटआऊट घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या, त्या अकरा नावांभोवती त्यांनी पेनने गोल केले होते. समन्वयकाची काहीच चूक नव्हती. त्याला आम्ही बटण दिलं होतं, त्यामागे काय आहे ते सांगितलं नव्हतं. म्हणून सिक्युरिटी ग्रुप पहिल्या टप्प्यात पोर्टलवर दाखवूच नका.

आपोआप सदस्य भरणारे डायनॅमिक ग्रुपही सामान्य वापरकर्त्याच्या हाती देऊ नका. 14 नोव्हेंबर 2016 ला ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत लंडनमधल्या क्रॉयडनच्या लोकांसाठी म्हणून एक यादी बनवली गेली. सिस्टीममधल्या दोषामुळे तिच्यात साडेआठ लाखांच्या घरातले सगळे वापरकर्ते आले. एक टेस्ट मेल गेला, त्यावर लोकांनी 'रिप्लाय ऑल' सुरू केलं आणि अख्खी मेलसेवा रखडली. तेव्हा मोठ्या डीएलवर कोण मेल पाठवू शकतो याची मर्यादा आणि मॉडरेशन (कुणीतरी मंजूर केल्यावरच मेल पुढे जाणं) आधी लावा, मग दारं उघडा.

आता तुमच्या हायब्रिड, म्हणजे अर्धी ऑफिसात आणि अर्धी क्लाउडमध्ये असलेल्या रचनेबद्दल. ऑफिसमधून सिंक होणारा (म्हणजे ज्याची नक्कल आपोआप क्लाउडमध्ये जाते असा) ग्रुप क्लाउडमध्ये बदलता येत नाही, त्यामुळे मालकाने आउटलुक वेबमधून प्रयत्न केला तर एररच येते. मग मुख्य वाटा दोन: ग्रुप क्लाउडमध्ये नव्याने करायचे, किंवा पोर्टलने ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लिहायचं. दुसरी वाट घेतलीत तर पोर्टल ज्या खात्याने काम करतं त्या सर्व्हिस अकाउंटला फक्त डीएल ठेवलेल्या ओयूमधले (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला एक कप्पा) सदस्य बदलण्याचा हक्क द्या, सगळे हक्क असलेला डोमेन ॲडमिन तर मुळीच करू नका. आणि सिंक साधारण दर अर्ध्या तासाने होतं, ते बटणाखालीच मराठीत लिहा. आम्ही नव्हतं लिहिलं. लोक तीन-तीनदा बटण दाबून शेवटी फोन करायचे.

जुने डीएल काढताना घाई नको. कोणत्या ग्रुपवर मेल आले ते दाखवणारा मेसेज ट्रेस 90 दिवसांपर्यंतच मागे जातो, आणि ऑडिटचे ग्रुप वर्षातून एकदाच जागे होतात. आधी मालकाला विचारा, मग ग्रुप ॲड्रेस बुकमधून लपवून काही महिने थांबा. डिलीट करून त्याच नावाने परत बनवलात तरी लोकांच्या आउटलुकला जुना पत्ता आठवत असतो आणि मेल बाउन्स होतो. तो जुना पत्ता नव्या ग्रुपला एक्स-500 या प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडावा लागतो.

चाचणीसाठी ज्यांची तिकिटं सर्वांत जास्त येतात असा एकच विभाग घ्या. आमच्याकडे तो सेल्स होता, तुमच्याकडे कोणता ते तुमची हेल्पडेस्कची यादी सांगेल. त्यांचे ग्रुप, त्यांचे दोन-दोन मालक, आणि दर सहा महिन्यांनी 'हे सदस्य अजून बरोबर आहेत का?' असं विचारणारा एक मेल. पहिल्या टप्प्यात एवढंच करा.