मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे. कॉलेजच्या स्कॉलरशिप शोधायला तिला मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तीन-चार स्कॉलरशिपच्या साइटवर मुलीचं नाव नोंदवलं, तेव्हापासून मेलचा नुसता पाऊस पडतोय आणि हाती काही लागत नाही. मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलांना या कामात मदत करते. बहुतेक घरं सुरुवात साइटपासूनच करतात. मी सांगेन, आधी कॉलेजं बघा, साइट नंतर.

कारण मोठा पैसा कॉलेजांकडेच असतो. बाहेरच्या संस्थांच्या बऱ्याचशा स्कॉलरशिप पाचशे-हजार डॉलरच्या, त्याही एकदाच मिळणाऱ्या. कॉलेज स्वतः देतं ती रक्कम सहसा ठरावीक जीपीए (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) राखला की चारही वर्षं चालू राहते. तेव्हा मुलगी कुठे-कुठे अर्ज करणार ती यादी हीच तुमची स्कॉलरशिपची खरी यादी.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांच्या पटकन पचनी पडत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आयव्ही लीगमधलं एकही कॉलेज मेरिटवर स्कॉलरशिप देत नाही. तिथे मदत मिळते ती फक्त घरची परिस्थिती बघून. आई-वडील दोघंही आयटीत असतील तर 'एवढे मार्क आहेत, काहीतरी देतीलच' ही आशा सोडलेली बरी. उलट अलाबामा विद्यापीठ किंवा टेक्सास विद्यापीठाचं डॅलस कॅम्पस अशा ठिकाणी नॅशनल मेरिटच्या (पीएसएटी या परीक्षेच्या गुणांवरून सुरू होणारी देशपातळीवरची स्पर्धा) फायनलिस्ट मुलांसाठी पायघड्या घातलेल्या असतात. नॅशनल मेरिटचं स्वतःचं बक्षीस फक्त २,५०० डॉलर, एकदाच; खरा फायदा त्या शिक्क्यावर विद्यापीठ जे देतं त्याचा. त्यासाठी अकरावीतल्या ऑक्टोबरची पीएसएटी लागते.

कोणतं कॉलेज खरंच देतं हे कसं कळणार? कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजं ठरावीक नमुन्यात छापतात ती आपली आकडेवारी) लिहून शोधा. एक लांबलचक पीडीएफ मिळेल. त्यातला एच विभाग काढा आणि एच२ए या तक्त्यातल्या 'एन' आणि 'ओ' या दोनच ओळी वाचा. ज्यांना आर्थिक गरज नव्हती अशा किती विद्यार्थ्यांना कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती दिले, ते तिथे आकड्यांत असतं. पहिल्या वर्षाला हजार मुलं आणि 'एन'पुढे बारा, तर ते कॉलेज मेरिटच्या यादीतून खोडा, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो. मुलांना हे शोधकाम भलतंच आवडतं, हाही एक फायदा. शिवाय सरकारी मदत योजनेतल्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारं साधन) ठेवावाच लागतो. तो मात्र तुम्ही भरा, उत्पन्नाचे आकडे मुलीला ठाऊक नसतात.

व्हिसाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यावर बरंच ठरतं. ग्रीन कार्ड असेल तर फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा अर्ज, भरता येतो. मुलगी एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर पेल ग्रँट (गरजू मुलांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत) आणि केंद्र सरकारचं कर्ज, दोन्ही बंद. नॅशनल मेरिट, कोका-कोला स्कॉलर्स वगैरे बाहेरच्या मोठ्या स्कॉलरशिपही नाहीत (नॅशनल मेरिटला ग्रीन कार्डचा अर्ज केलेला असेल तर वाट आहे, नियम नीट वाचा). बरीच खाजगी कॉलेजं अशा मुलांना मदतीपुरतं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, मग ती बालवाडीपासून इथेच का शिकलेली असेनात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो आहे. अशा घरांनी पहिला प्रश्न राज्याच्या सरकारी विद्यापीठाला विचारावा: एच-४ ला राज्यातल्या रहिवाशाची कमी फी लागू होते का? दोन फींमधला फरक कित्येकदा कुठल्याही स्कॉलरशिपपेक्षा मोठा असतो.

फॅफ्सा साधारणपणे बारावीच्या १ ऑक्टोबरला उघडतो आणि फुकट असतो. त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात, म्हणजे दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. त्या वर्षात शेअर विकून मोठा नफा दाखवलात तर तो हिशोबात येणार. 'आपलं उत्पन्न जास्त, कशाला भरायचा' असं म्हणून सोडू नका. काही कॉलेजं मेरिटसाठीही तो मागतात, आणि अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाच व्याज चढणाऱ्या) सरकारी कर्जाला उत्पन्नाची अट नसली तरी फॅफ्सा लागतोच.

आता बाहेरच्या स्कॉलरशिप. कोका-कोला स्कॉलर्समध्ये २०,००० डॉलर मिळतात, पण अख्ख्या देशातून १५० मुलांना. जरूर भरा, भरवसा ठेवू नका. जवळच्या पाण्यात मासे जास्त: शाळेच्या काउन्सेलरची यादी, गावची कम्युनिटी फाउंडेशन (स्थानिक देणग्यांवर चालणारी संस्था), रोटरी, तुमची क्रेडिट युनियन (सभासदांची पतपेढी) आणि तुमची स्वतःची कंपनी. कंपनीच्या एचआरला मेल टाकायला दोन मिनिटं लागतात, तरी कुणी टाकत नाही. साइटपैकी कॉलेज बोर्डाची बिगफ्यूचर आणि कामगार खात्याची करिअरवनस्टॉप पुरे. त्यासाठी मुलीचा वेगळा मेल आयडी काढा. 'स्कॉलरशिप नक्की, नाहीतर पैसे परत' म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका, फेडरल ट्रेड कमिशन नेमकं याच वाक्यापासून सावध करतं.

निबंध तिलाच लिहू द्या. तुम्ही फक्त ऐका. एका मुलाने 'मला नेतृत्वाची आवड आहे' अशी सुरुवात केली होती. बोलता-बोलता कळलं की रोबोटिक्सच्या टीममध्ये हा पठ्ठ्या स्क्रू मोजून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा, कारण ऐन स्पर्धेत कुणालाच हवा तो स्क्रू सापडत नसे. मग निबंध त्या डब्यांपासून सुरू झाला. असा एक निबंध नीट झाला की थोडा फिरवून पाच-सहा ठिकाणी चालतो.

आणि जिंकल्यावरचं, जे फारसं कुणी सांगत नाही. बाहेरून दोन हजार मिळाले की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढ्याने कापतात. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना, काही अपवाद ठेवून, असं करायला बंदी केली. बाकी बऱ्याच ठिकाणी हे सर्रास चालतं. तेव्हा प्रवेश पक्का करण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला लेखी विचारा: बाहेरची स्कॉलरशिप आली तर आधी कर्ज कमी कराल की ग्रँट? उत्तर मेलवरच घ्या, फोनवर नको. आणि स्कॉलरशिपचा जो भाग फी-पुस्तकांऐवजी राहण्या-जेवणावर जाईल तो करपात्र धरला जातो, तो टॅक्स भरताना दाखवावा लागेल.